तिथं कुणीच नसतं

मी दारू पीत नाही. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण पुढचं वाचल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. आमच्या घरात तर अजून बसलेला नाही. न पिण्यामागं तत्त्वबित्त्व काही नाही. पंचविशीत एकदा मित्रांबरोबर घेतली, पित्त खवळलं आणि तीन दिवस ताकभातावर काढले. तेव्हापासून मी निर्व्यसनी आहे. सासुरवाडीला याचं फार कौतुक. पित्ताचं मी तिकडं कधी बोललो नाही.

तर असा हा निर्व्यसनी माणूस गेली सव्वीस वर्षं रोज दुपारी नगरच्या सावेडी भागातल्या बारांतून फिरतो. माझा धंदा चखण्याचा. पिणाऱ्याच्या पुढ्यात ग्लासाबरोबर जे काही येतं, म्हणजे पापड, खारे शेंगदाणे, तळलेली मूगडाळ, पिवळ्या बॉब्या, ते सगळं मी स्कूटरवरून पोचवतो. लोक मला पापडशेठ म्हणतात. यातला शेठ हा शब्द नुसता मायेपोटी आलेला आहे.

बार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रंगीत दिवे येत असतील. मला स्वयंपाकघराचं मागचं दार आठवतं. माल तिथूनच आत जातो. त्या दारातून हॉटेल जसं दिसतं तसं पुढच्या दारातून कधीच दिसत नाही. लिंबं आत्ता चिरलीत की सकाळी, पापड ऑर्डर आल्यावर तळतात की चार वाजताच चळत लावून ठेवतात, आचारी स्वतःच्या हॉटेलातलं जेवतो की घरून डबा आणतो, हे मला रोज फुकटात कळतं. मोबाईलवर प्रत्येक हॉटेलाला साडेचार तारे असतात. त्यातले निम्मे मालकाच्या भाच्यांनी दिलेले असतात. त्यामुळे नवीन बदलून आलेला बँकेचा साहेब असो की पाहुण्यांना घेऊन निघालेला कंत्राटदार, शेवटी फोन मलाच येतो.

"पापडशेठ, बसायला चांगलं कुठं?"

आमच्याकडं 'बसणे' एवढंच म्हणतात. कशासाठी ते विचारायचं नसतं.

सल्ला देता देता एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नगरच्या माणसाला चव, गारवा, गाणी हे सगळं नंतर लागतं. आधी एकच पाहिजे असतं, की आपण कुणाला दिसायला नको. म्हणून बार ओळखायची माझी पद्धत साधी आहे. ज्या बारच्या पार्किंगमध्ये गाड्या उभ्या असतात तो बरा. ज्या बारच्या समोरच्या दातांच्या दवाखान्यापुढं गाड्या उभ्या असतात तो उत्तम. एका गल्लीतल्या डॉक्टरनं तर एवढे दुखरे दात बघून शेजारचा गाळाही भाड्यानं घेतला. पेशंट काही वाढले नाहीत.

माझे सगळेच सल्ले लागू पडले असं नाही. साखर कारखान्यातले एक केमिस्ट साहेब एकदा म्हणाले, "अशी जागा सांगा जिथं शेजारच्या टेबलावर उसाचा विषय निघत नाही." मी चार दिवस शोधलं. शेवटी एक उडपी सापडला, पण तिथं दारू मिळत नव्हती, आणि मालकाच्या मेहुण्याचा गुळाचा धंदा होता.

पण आज सांगायचंय ते याकोबमामांचं.

हॉटेलचं खरं नाव सांगत नाही. त्याला आपण 'निवांत' म्हणू. पुढं काचेचं दार आणि मोठा हॉल. डाव्या हाताला पडदे लावलेल्या तीन खोल्या, मागं एक एसी रूम, आणि बाजूच्या बोळात एक लोखंडी गेट. याकोब साळवे तिथं तीस वर्षं कॅप्टन. कॅप्टन म्हणजे वेटरांचा मुख्य, ऑर्डर घेणारा आणि कुणाला कुठं बसवायचं ते ठरवणारा माणूस. मामांचे वडील मिशनच्या शाळेत शिक्षक होते. त्यामुळे मामांची भाषा शुद्ध, कोट इस्त्रीचा, आणि रविवारी चर्चमध्ये गातात तो आवाज खर्जातला. "काय घेणार?" असं ते विचारायचे तेव्हा समोरचा माणूस जरा सावरून बसायचा.

मामांची खरी विद्या मात्र बसवण्यात होती. गिऱ्हाईक गेटातून आत पाऊल टाकेपर्यंत त्यांच्या डोक्यात सगळा हिशोब झालेला असायचा. हे वकील, यांचा पक्षकार खोली दोनमध्ये, म्हणून यांना एसीत. हे धाकटे भाऊ, थोरले खांबामागं, म्हणून यांना कुलरच्या आड. कुणाला काही कळायचं नाही. नवरा पुढच्या खोलीत आणि सासरा मागच्या खोलीत बसून दोघं आपापल्या वेळी आनंदात घरी गेले, असं निवांतमध्ये कितीदा झालं असेल ते मामांनाच ठाऊक, आणि मामा सांगणार नाहीत.

जुने मालक वारले आणि त्यांचा मुलगा सागर पुण्याहून कारभार बघू लागला. पोरगा वाईट नव्हता. पण शिकलेला होता. त्यानं दुपारचा हॉल रिकामा पाहिला आणि दारावर भलामोठा फ्लेक्स लावला, 'हॅप्पी अवर्स, ४ ते ७, एकावर एक फ्री'. मामांना म्हणाला, "महिनाभर बघू. नाही चाललं तर जागा जिमला देतोय. माणसं बोलून गेलीत."

तीन आठवडे चार ते सात या वेळेत तिथं चिटपाखरू आलं नाही. सागरला वाटलं, ऑफर कमी पडते. अरे बाबा, ऑफर कशाला कमी पडेल? पाच वाजता लख्ख ऊन असतं. शाळा सुटलेल्या असतात, बायका भाजीला निघालेल्या असतात. त्या उजेडात, मोठ्या अक्षरांतल्या फ्लेक्सखालून, काचेचं दार ढकलून कोण आत जाणार? एकावर दोन दिल्या तरी कोण जाणार?

मी माल द्यायला जायचो तेव्हा मामा रिकाम्या हॉलमध्ये कोट घालून उभे असायचे आणि घडी घातलेले नॅपकिन उलगडून पुन्हा घडी घालायचे. शेवटच्या आठवड्यात ते मागच्या दाराशी आले. सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्याकडं काही मागितलं नव्हतं.

"पापडशेठ, येत्या बुधवारी पाच वाजता साहेब बघायला येणार आहेत. निदान चार टेबलं भरलेली दिसली पाहिजेत म्हणाले. तुमचा एवढा लोकसंग्रह आहे."

"पाठवतो की मामा! त्यात काय?"

"माझं वय अठ्ठावन्न आहे. नवीन हॉटेलांत मोबाईलवर ऑर्डर घेणारी मुलं ठेवतात. मला तर माणसं बसवण्यापलीकडे काही येत नाही."

एवढं बोलून ते नॅपकिनांकडे परत गेले. मला रात्री जेवण गेलं नाही. बायको म्हणाली, "पित्त का?" मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागलो. पहिला फोन गाडेकर सरांचा आला. आमच्याच भागातल्या एका शाळेचे मुख्याध्यापक. सरांना आठवड्यातून एक बिअर लागते, वर्तमानपत्र वाचत, एकट्यानं. "शांत जागा हवी, पापडशेठ. आमच्या शिक्षकांपैकी कुणी दिसलं तर शाळेत शिस्त राहणार नाही."

"सर, निवांतला जा. बुधवारी, पाचला, बाजूच्या गेटानं. तिथं कुणीच नसतं."

संध्याकाळी त्याच शाळेचे गणिताचे आणि पीटीचे सर भेटले. मुख्याध्यापक बुधवारी जिल्हा परिषदेत मीटिंगला जाणार, म्हणून दोघांनी मतदार याद्यांचं काम काढलं होतं. "शेठ, फक्त आपल्या साहेबांच्या कानावर जायला नको."

"निवांत. बुधवार, पाच. कुणीच नसतं."

मग पाथर्डीहून माझे मेहुणे भाऊसाहेब बोलले. बायकोचे थोरले भाऊ, हे भलं शरीर, आवाज शिवारभर जाईल असा. ट्रॅक्टरचा पार्ट न्यायला बुधवारी नगरला येणार होते.

"दाजी, दुपारच्याला जरा टेकायला जागा बघा. सोबत आमचा एक दोस्त हाय. पर आमच्या जावयाला कळाया नगं. लेकीच्या लग्नात मी त्याच्याम्होरं शपथ घेतलीया, सोडली म्हनून."

"भाऊसाहेब, निवांतला या, पाचला. एकदम एकांत, कुणीच नसतं."

आणि चौथा होता तो जावई, गणेश. इथंच एमआयडीसीत नोकरीला. बुधवारी त्याची साप्ताहिक सुट्टी. "काका, कंपनीतले दोघं मागं लागलेत. पण आमच्या सासऱ्यांना कळलं ना, तर मला पाथर्डीत पाय ठेवता यायचा नाही. त्यांनी माझ्यासाठी सोडलीय हो."

तुम्ही म्हणाल, या माणसाला कळत कसं नव्हतं? खरं सांगतो, नव्हतं कळत. माझ्या डोक्यात फक्त चार टेबलं होती. मी बोटं मोजत होतो. चौथं बोट दुमडलं तेव्हा मला इतका आनंद झाला की बायकोला जिलबी नेली. हॉटेल भरण्यासाठी मी चार जणांना ते रिकामं असल्याची हमी दिली होती, हे माझ्या लक्षात आलं ते बुधवारी पाचला दहा कमी असताना, पापडांची गोणी खांद्यावर घेऊन मी मागच्या दारात उभा होतो तेव्हा.

"मामा," मी म्हणालो, "एक घोटाळा झालाय."

मी सगळं सांगितलं. मामांनी डोळे मिटले, एकदा दीर्घ श्वास घेतला आणि कोटाचं बटण लावलं.

"किती जण, आणि कुणाला कोण दिसता कामा नये, तेवढं पुन्हा सांगा."

पुढची पंधरा मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही. स्वयंपाकघरातून हॉलमध्ये ताटं सरकवायची एक खिडकी असते, तिच्यातून मी बघत होतो. गाडेकर सर गेटातून आले. मामांनी त्यांना खांबामागं नेलं आणि मेनूकार्डाचा उंच स्टँड शेजारी सरकवला. सरांनी वर्तमानपत्र उघडलं, तो गणित आणि पीटी आले. मामा पुढं झाले, "इकडून या, तिकडे नुकतंच पुसलंय", आणि दोघं पहिल्या पडद्याआड. तोवर भाऊसाहेबांचा आवाज बोळातूनच ऐकू यायला लागला. मामांनी कुलर फुल्लवर केला. त्या घरघरीत भाऊसाहेब आणि दोस्त तिसऱ्या पडद्याआड गेले. मधली खोली मामांनी रिकामी सोडली. मी मनात म्हटलं, वा! शेवटी गणेश आणि त्याचे दोघं. त्यांना मामांनी गेटावरच गाठून स्वयंपाकघरातून एसी रूमकडं काढलं. गणेश माझ्यासमोरून जाणार म्हणून मी गोणीमागं खाली बसलो.

आचारी म्हणाला, "शेठ, काय सांडलं का?"

"नाही. तपासतोय."

चार टेबलं लागली. ऑर्डरी सुटल्या. आठ माणसं, भिंतीएवढ्या अंतरावर, आणि कुणाला कुणाचा पत्ता नाही. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. तेवढ्यात पुढचं काचेचं दार उघडलं आणि सागर आत आला.

तो हॉलच्या मधोमध उभा राहिला. उजवीकडं बघितलं, डावीकडं बघितलं. समोर सोळा टेबलं, प्रत्येकावर घडी घातलेले नॅपकिन. एकही माणूस दिसत नव्हता.

"मामा, रिकामंच आहे की."

मामांनी इतकं सुंदर काम केलं होतं की मालकालासुद्धा गिऱ्हाईक दिसत नव्हतं. आता मामा पडदा बाजूला करतील, मला वाटलं. एक पडदा. एवढंच करायचं होतं.

मामा म्हणाले, "होय, साहेब."

तेवढ्यात आचाऱ्यानं घंटी वाजवली. "चार मसाला पापड, दोन चिली!"

"मग हे कुणाचं?"

"पार्सल, साहेब."

"दोन सुरमई फ्राय!" पुन्हा घंटी.

"तेही पार्सल."

सागर खुर्चीवर बसला. कुलर मामांनी त्याच्यासाठी बंद केला, त्यामुळे पुढचं सगळं स्वच्छ ऐकू आलं. "मामा, मला वाईट वाटतंय. पप्पांच्या वेळची माणसं तुम्ही. पण जिमवाले उद्या येतायत. तुमचं काहीतरी बघू आपण."

"बरं, साहेब."

इथं खरं तर मी बाहेर यायला पाहिजे होतं. कुठलाही मर्द माणूस आला असता. मी गोणीमागून उठलोसुद्धा. मग भाऊसाहेब आणि गणेश दोघांनाही मीच पाठवलंय हे आठवलं आणि पुन्हा बसलो.

खांबामागं वर्तमानपत्राची घडी घातल्याचा आवाज आला. मेनूकार्डाचा स्टँड सरकला आणि गाडेकर सर बाहेर आले. वर्गात उभं राहावं तसे ताठ.

"माफ करा. हॉटेल रिकामं नाही. मी आहे. मी इथं बसलेलो आहे."

मामा घाईनं म्हणाले, "सर, आपण बसा. आपल्याला उठायची गरज नव्हती."

"गरज होती, साळवे."

पहिला पडदा हळूच हलला. गणित आणि पीटी खाली मान घालून बाहेर आले. शाळा भरल्यासारखे दोघं सरांपुढं रांगेत उभे राहिले.

"याद्या झाल्या?" सरांनी विचारलं.

"झाल्या, सर," पीटीचे सर म्हणाले. "आपली मीटिंग?"

"चालू आहे."

तिसरा पडदा काही हलला नाही, तो सरळ कड्यांसकट खाली आला. भाऊसाहेब हातात पापड घेऊन उभे. "अरं कोन म्हनतं रिकामं हाय? आमी दोगं काय भिताडं हाय का? म्हाताऱ्या मानसाचं काम घालवता व्हय?"

तो आवाज ऐकून एसी रूमचं दार उघडलं. गणेश बाहेर आला. सासरा आणि जावई समोरासमोर. भाऊसाहेबांनी पापड मागं लपवला, जसा काही गुन्हा पापडाचाच होता.

"जावईबापू, तुमी?"

"मी... ते पनीर चांगलं मिळतं म्हणून."

"व्हय, व्हय. लई चांगलं मिळतं. आमी पन पनीरच."

सुरमईचा काटा भाऊसाहेबांच्या मिशीत होता. गणेशनं बघितला आणि नजर छताकडं वळवली. खानदानी पोरगा.

"पन तुमाला ही जागा दावली कुनी?"

"काकांनी. म्हणाले, कुणीच नसतं."

"मलाही तसंच सांगितलं," गाडेकर सर म्हणाले.

"आम्हालापण," गणित म्हणाले.

आठ जण एकदम खिडकीकडं वळले. आचाऱ्यानं गोणी बाजूला ओढली. सव्वीस वर्षांत मी पहिल्यांदा त्या हॉलमध्ये आलो तो असा, भाऊसाहेबांनी दंडाला धरून. मला जे काही ऐकवलं गेलं ते दिवाळी अंकात छापण्यासारखं नाही. एक मात्र झालं. मला बोलता बोलता ते आठही जण एका बाजूला झाले. गाडेकर सरांनी भाऊसाहेबांना खुर्ची दिली. भाऊसाहेबांनी पीटीच्या सरांना आपल्या बशीतली सुरमई दिली.

सागर हे सगळं बघत होता. मग मामांकडं वळला.

"मामा, आत आठ माणसं आहेत हे तुम्हाला माहीत होतं. नोकरी चालली होती तुमची. तरी रिकामं म्हणालात?"

"साहेब, आत कोण आहे हे सांगणं कॅप्टनचं काम नव्हे."

"मालकाला पण नाही?"

"मालकाला तर नाहीच."

सागर कुलरकडं बघून हसला.

"इंजिनिअरिंगला असताना मी सुट्टीत आलो होतो. मित्रांबरोबर. त्या कुलरमागं बसलो होतो आणि पप्पा अचानक काउंटरला आले. त्यांनी विचारलं, याकोब, आत कोण आहे? तुम्ही काय म्हणालात, आठवतंय?"

"नाही, साहेब."

"'कुणी नाही, शेठ' म्हणालात."

"मला खरंच आठवत नाही, साहेब," मामा म्हणाले. त्यांच्याइतकं शुद्ध खोटं मी आजवर ऐकलेलं नाही.

सागरनं तिथूनच जिमवाल्यांना फोन लावला. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स उतरवला. ऑफर राहिली, पण फक्त बाजूच्या गेटावर, छोट्या अक्षरांत. पुढच्या काचेला काळी फिल्म बसली. आता चार ते सात सगळ्या खोल्या भरतात, आणि मामा कोट घालून उभे असतात.

खुश आहेत म्हणाल तर तसंही नाही. गाडेकर सर आणि त्यांचे दोघं शिक्षक आता दर बुधवारी एकाच टेबलावर बसतात आणि शाळेचं वेळापत्रक तिथंच लावतात. भाऊसाहेबांच्या ट्रॅक्टरचे पार्ट दर बुधवारी खराब होतात, आणि ते जावयाला पनीर खायला घेऊन येतात. मामांना हे बघवत नाही. तीस वर्षांची विद्या डोळ्यांदेखत वाया जाते म्हणतात. परवा माझी गोणी उतरवून घेताना म्हणाले, "पापडशेठ, गिऱ्हाईक जरूर पाठवा. पण एका दिवशी एका घरातला एकच."

ते मी मनावर घेतलंय. आता मला कुणी फोन केला तर मी आधी आडनाव, गाव आणि नोकरी विचारतो. कालच एक जण बोलला, नवीन माणूस, आवाजात घाई.

"पापडशेठ, सावेडीत बसायला चांगलं कुठं? हॅप्पी अवर्स पाहिजे."

"सासुरवाडी कुठली?"

"अहो, मी बार विचारतोय."

"मी पण तेच सांगतोय. सासुरवाडी?"

"पाथर्डी."

"मग निवांतला जा, बुधवार सोडून कधीही."